कडी मी लावली होती

हेमंत, प्रयोगशाळेचं दार मी बंद केलं होतं. कडी माझ्या हातानं लागली. तू बाहेरून दोनदा माझं नाव घेतलंस आणि मी ती कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

तुला जाऊन आज पस्तीस दिवस झाले. भेटायला येणारे म्हणतात, किती शांत माणूस होता. शाळेतले शिक्षक म्हणतात, शेजारचे म्हणतात, तुझे जुने विद्यार्थी फोटोसमोर उभे राहून म्हणतात. मी मान हलवते. त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही, कारण ते बहुतेक माझ्या डाव्या बाजूला बसतात आणि डावा कान माझा तुझ्या हातानं गेला. हे त्यांना माहीत नाही. त्यांना तुझ्या आयुष्यातलं फारसं काही माहीत नाही. तुलाही नव्हतं. तुझी दोन वर्षं तुझ्या डोक्यातून गेली होती आणि ती माझ्याकडे होती, मी ती तुला दिली नाहीत.

म्हणून सुरुवातीपासून सांगते.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचं प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. बाहेरचे परीक्षक इंदूरहून आले होते. कॉलेजातल्या काही मुलांनी वर्षभर प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नव्हतं, त्यांना परीक्षा पुढे ढकलून हवी होती. तू आमचा सी.आर., वर्गाचा प्रतिनिधी. आदल्या दिवशी सरांनी तुला विचारलं आणि तू सांगितलंस, क्लास तयार आहे सर. एवढाच तुझा गुन्हा. आम्ही खरंच तयार होतो. तू आम्हा सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून पाठ करून घेतलं होतंस.

आम्ही तेराजण टेबलांपाशी होतो. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणलेले बेडूक. व्हरांड्यातून आवाज आला, "बाहर आ बे, सी.आर."

सर म्हणाले, "कोई बाहर नहीं जाएगा."

तू ॲप्रनला हात पुसलेस. "ओळखीचे आहेत सर. मी बोलून येतो."

तू माझ्या टेबलाजवळूनच गेलास. दाराला लागून माझं टेबल होतं. दार उघडं होतं आणि मला सगळं दिसत होतं. तिघे होते. एकाच्या हातात हॉकी स्टिक, एकाने सायकलची चेन मुठीभोवती गुंडाळलेली, तिसऱ्याचे हात रिकामे. पहिली मारली ती रिकाम्या हातवाल्यानं. सणसणीत थप्पड होती. तू हसलास. मला वाटतं तुला ते खरंच वाटलं नाही. मग चेन आली, तोंडावर आडवी. गालाची कातडी उघडली आणि पांढऱ्या ॲप्रनवर रक्त उतरलं. तू वळलास आणि दाराकडे धावलास. पाच-सहा पावलांचं अंतर. तू माझ्याकडे बघत होतास, कारण दारात मीच होते, आणि तुझ्या चेहऱ्यावर भीती नव्हती, पोचलो एवढंच होतं.

मी दार लोटलं आणि कडी घातली.

मागून सर ओरडले, "बंद करो, बंद करो." हे खरं आहे. पण त्यांनी म्हटलं तेव्हा कडी लागून झाली होती. पुढे कित्येक वर्षं मी मनात त्यांचं वाक्य आधी आणि माझा हात नंतर असं लावून बघितलं. ते तसं बसत नाही. हात आधी होता.

दाराच्या वरच्या भागात दुधी काच होती. तिच्यावर तुझा पंजा आला. "मंजू. मंजू, दार उघड." मग हॉकीचा आवाज आला आणि पंजा खाली घसरला. तू पाठीनं दाराला टेकला असशील, कारण त्यानंतरचा प्रत्येक फटका मला कडीतून हातात जाणवला. लाकूड थरथरायचं आणि लोखंडातून ते माझ्या कोपरापर्यंत यायचं. एकदा तू पुन्हा माझं नाव घेतलंस, अर्धंच. नंतर नाव नव्हतं, नुसता आवाज होता, ओल्या कपड्यावर धोपटणं आपटावं तसा. आत कोणी मला म्हणालं नाही की उघड. माझ्या ट्रेमधल्या बेडकाचं हृदय अजून हलत होतं. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले.

दुसऱ्या इमारतीतून लोक धावत आले तेव्हा ते तिघे पळाले. प्यून बाहेरून म्हणाला, "खोलो, चले गए." मी कडी काढली आणि तू दारासकट आत आलास, उलटा, माझ्या पायांवर. डाव्या कानाच्या वर बोट आत जाईल असा खड्डा पडला होता. चप्पल तुझ्या रक्तात चिकटली आणि पाय उचलता येईना.

पोलिसांनी सगळ्यांचे जबाब घेतले. ज्यांना शार्कचं वर्गीकरण श्वास न घेता म्हणता येत होतं, त्यातल्या एकालाही तीन चेहरे आठवले नाहीत. चेनवाला कुठल्या गल्लीत राहतो हे मला माहीत होतं. मी लिहून दिलं, पाठमोरे होते. केस वर्षभर रेंगाळली आणि विरून गेली.

इंदूरला तुझं ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी तू बोलायला लागलास. आई, बाबा, बारावीचा निकाल, सगळं शाबूत होतं. त्यापुढे कोरं. मी डबा घेऊन आले होते. तू आईंना विचारलंस, "ही कोण?"

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, "मी तुझ्या वर्गात आहे."

एवढंच म्हणाले. त्याआधी वर्षभर आपण कोण होतो ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू साहजिक विचारलं असतंस, मग त्या दिवशी तू कुठे होतीस? तू थोडा बरा झाल्यावर विचारलंसच, दाराबद्दल. मी म्हणाले, दार आधीपासून बंद होतं, कोणाच्या लक्षात आलं नाही. तू मान डोलावलीस. तुझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, मी जे दिलं ते तू घेतलंस.

आणि मग मी तुला कोर्स शिकवायला बसले. रोज दुपारी तुमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, दोन्ही वर्षांचा सगळा अभ्यासक्रम. तुझ्या डोक्यात एक ओळ राहिली नव्हती. अमीबापासून सुरुवात केली. तू चिडायचास, पेन्सिली मोडायचास, पुन्हा बसायचास. लोकांचा कोर्स पेपर झाला की विसरला जातो. माझा विसरला गेला नाही, कारण तो मी दोनदा केला, एकदा मार्कांसाठी आणि एकदा तुझ्यासाठी. आजही मला झोपेतून उठवून विचारलं तर बेडकाच्या मेंदूच्या दहाही नसा क्रमानं सांगेन. आणि माझ्या चुकाही तुझ्यात गेल्या. झुरळाच्या हृदयाला तेरा कप्पे असतात, मी अकरा सांगितले. तू शाळेत जीवशास्त्राचा मास्तर झालास आणि बारा वर्षं अकरा शिकवलेस. शेवटी एका मुलीनं पुस्तक आणून दाखवलं. तू संध्याकाळी घरी येऊन माझ्यासमोर ते उघडून ठेवलंस. म्हणालास, "बारा वर्षांची पोरं चुकीचं झुरळ घेऊन फिरतायत." आणि आपण दोघं पोट धरून हसलो. तू हसताना तुझी गालावरची चेनची खूण वर जायची. मला ती दिसायची.

आईंनीच लग्नाचं विचारलं. म्हणाल्या, "एवढं कोण करतं गं कोणासाठी." मी हो म्हणाले. त्यांच्यासमोर तुला अहो म्हणायची, खोलीत तू.

पहिल्यांदा तू मला मारलंस ते लग्नानंतर सहाव्या महिन्यात. स्टीलच्या डब्याचं झाकण उघडत नव्हतं. तू तो भिंतीवर फेकलास, मग उचलून माझ्यावर. भुवई फुटली. तुझा चेहरा त्या वेळी तुझा नव्हता, डोळे माझ्यावर होते आणि त्यांना मी दिसत नव्हते. पाच मिनिटांनी तू जमिनीवर बसून थरथरत होतास आणि विचारत होतास, काय झालं. मग ते होत राहिलं, महिन्यातून एकदा, कधी दोनदा. मनगट झालं. दोन दात झाले. मग कान. आमटीत मीठ नव्हतं की जास्त होतं, आता आठवत नाही. तळहात उघडा आला, कानावर बरोबर, आणि आत काहीतरी फाटलं. शिट्टीसारखा आवाज, मग गरम थेंब मानेवर. तू शुद्धीवर आलास, माझं डोकं तुझ्या मांडीवर घेतलंस, आत बघितलंस आणि म्हणालास, "कानाचा पडदा फाटला असेल. भरून येतो तो, आपोआप. तूच शिकवलंस."

मी शिकवलं होतं. तो भरून आला नाही.

इंदूरचे डॉक्टर म्हणाले होते, कपाळामागचा भाग दुखावलाय, राग आवरणारी जागा ती. त्यांनी गोळ्या दिल्या. तुला गोळ्यांनी झोप यायची, शिकवता यायचं नाही, म्हणून तू त्या बंद करायचास आणि मी तुला करू द्यायचे. माहेरी सांगितलं नाही. आईंना दिसायचं, त्या दुसरीकडे बघायच्या. मी का राहिले हे कोणी विचारलं नाही, तूही नाही. तू फक्त माफी मागायचास, माझ्या पायांवर डोकं ठेवून, आणि मला तुझ्या डोक्यावर हात ठेवताना बोटांना तो खड्डा लागायचा.

ऋचा सात वर्षांची असताना ते झालं. तू मला केसाला धरून सिंकपर्यंत ओढत नेलंस. ती धावत आली आणि तुझ्या हाताला चावली. तू हात झटकलास. ती दाराच्या चौकटीवर जाऊन आदळली आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या चांगल्या कानानं ऐकला. मी पोळपाट उचलला आणि तुझ्या खांद्यावर मारला. पुन्हा मारला. तू पडलास तरी मारला. त्या दिवशी मला कळलं की हे असं कसं होतं, माणूस दिसायचं कसं बंद होतं. तुला मारताना मला फार हलकं वाटलं, हेमंत, ते मी कधीच विसरले नाही.

संध्याकाळच्या बसनं मी तिला घेऊन देवासला भावाकडे गेले.

तू दर रविवारी यायचास. आत यायचा नाहीस, पायरीवर बसायचास. भाऊ म्हणायचा, हाकलून देतो याला. तू म्हणायचास, हाकला, मी पुढच्या रविवारी येईन. तिसऱ्या महिन्यात तू डॉक्टरचा कागद घेऊन आलास, चवथ्यात गोळ्यांची पाकिटं, खाऊन संपवलेली, एकात एक ठेवून. पाचव्यात ऋचा आपणहून बाहेर गेली आणि तुझ्यापासून दोन पायऱ्या वर बसली. तू तिच्याकडे न बघता तिला बेडकाच्या जिभेबद्दल सांगत होतास, ती तोंडात पुढच्या बाजूला चिकटलेली असते म्हणून. मी खिडकीतून ऐकत होते.

परत आलो ते अटीवर. गोळी माझ्यासमोर घ्यायची. झोपायच्या खोल्या वेगळ्या. आणि राग चढतोय वाटलं की बोलायचं नाही, थांबायचं नाही, चपला घालून घराबाहेर. नानाखेड्याच्या बस स्टँडपर्यंत चालत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. तू ते पंधरा वर्षं पाळलंस. पंधरा वर्षांत तू कोणावर हात टाकला नाहीस. मला माहीत आहे ते किती अवघड होतं, कारण मी तुला दारातून जाताना बघितलंय, मुठी खिशात कोंबलेल्या, मानेच्या शिरा दोरीसारख्या. स्टँडवरचा चहावाला तुला मास्टर साहब म्हणायचा. त्याला वाटायचं तुला फिरायची हौस आहे. लोक तुला शांत म्हणतात ते ह्या पंधरा वर्षांमुळे, आणि ती तू एकट्यानं चालून काढलीस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आता लिहिते.

मग तो रविवार. आपल्या वर्गातल्या विनितानं सगळ्या बॅचला जमवलं, टॉवर चौकाजवळच्या एका हॉटेलात, दुपारच्या जेवणाला. मी टाळायला बघत होते. तू म्हणालास, "यार मंजू, मला तर ते सगळे पहिल्यांदाच भेटल्यासारखे भेटतील. चल ना." तेरातले नऊजण आले होते. सर दोन वर्षांपूर्वीच गेले होते. जेवता जेवता विनितानं खेळ काढला, एकेकानं सांगायचं की आपल्या बी.एस्सी.चं आता काय आठवतं. कपड्याचं दुकान चालवणारा म्हणाला, झुरळाला पाय असतात एवढं आठवतं. एकीला फॉर्मलीनचा वास आठवत होता, तिला त्यामुळे अजून लोणच्याची बरणी उघडवत नाही. बँकेतल्यानं शार्कचं वर्गीकरण अर्ध्यापर्यंत म्हटलं आणि अडकला, सगळे हसले. तू उभा राहून ते पूर्ण केलंस. म्हणालास, "तुम्हाला कॉलेजनं शिकवलं म्हणून तुम्ही विसरलात. माझी मास्तरीण घरीच होती, विसरून सांगू कुणाला?" टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं.

विनिताची पाळी शेवटी आली. ती पापडाचा तुकडा मोडत म्हणाली, "माझं सगळंच गेलं रे. एक आवाज तेवढा राहिलाय. ती कडी लागल्याचा."

बँकेतल्यानं गुलाबजामसाठी वेटरला हाक मारली. तू चमचा खाली ठेवलास.

तू स्कूटर काढलीस. घरी येऊन खुर्चीत बसलास.

"कोणती कडी?"

"प्रयोगशाळेची."

"दार आधीपासून बंद होतं, असं तू सांगितलं होतंस."

"हो."

"मग तिला कडी लागल्याचा आवाज कसा आठवतो?"

"खूप वर्षं झाली हेमंत. लोकांच्या डोक्यात काहीतरी मिसळतं."

"मंजू," तू म्हणालास, "डोकं माझं फुटलं होतं. तुमचं तर नाही ना."

मी टेबल पुसायला लागले.

"कोणी लावली?"

"सगळ्यांनी."

"कडीला एकच हात लागतो."

तू उठलास. खुर्चीची पाठ तुझ्या हातात होती आणि ती जमिनीपासून वीतभर वर आली होती. मी भिंतीला टेकले. इतक्या वर्षांनी माझ्या हातांनी आपोआप डोकं झाकलं. तू ते बघितलंस. खुर्ची खाली ठेवलीस, आवाज न करता. चपला घातल्यास. म्हणालास, "मी जाऊन येतो. आल्यावर सांग. पूर्ण सांग."

तू परत आला असतास तर मी खरं सांगितलं असतं, असं इथे लिहायला हवं. मला तशी खात्री नाही. तू फाटकातून बाहेर पडल्यावर मी विनिताला फोन लावला. तिला म्हणाले, त्यानं विचारलं तर सांग, सरांनी लावली. ती म्हणाली, "मंजू, सर आता नाहीत, त्यांच्यावर कशाला ढकलतेस." मी म्हणाले, म्हणूनच. एका बाजूला मी हे बोलत होते आणि दुसरीकडे तू स्टँडकडे चालत होतास, मला मारायचं नाही म्हणून.

पाऊण तासानं फाटकाशी ऑटो थांबली. चहावाल्यानं पाठवली होती, तुझा मोबाईल टेबलावरच होता. ऑटोवाला म्हणाला, "भाभीजी, मास्टर साहब गिर गए." चहाचा ग्लास हातात घेतलास आणि तुला फेफऱ्याचा दौरा आला. तू मागे पडलास ते स्टँडच्या सिमेंटच्या पायरीवर. मी पोचले तेव्हा लोकांचं कडं होतं, कोणीतरी तुझ्या नाकाला चप्पल लावत होतं, काढा ती म्हणून मी ओरडले. पायरीवर रक्त आणि चहा एकात एक मिसळत होते. डोकं त्याच बाजूला लागलं होतं, डाव्या कानाच्या वर. हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला बाकावर बसवलं आणि दहा मिनिटांनी एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. तिनं तोंड उघडायच्या आधी मला कळलं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. ऋचाला दुसऱ्या दिवशी इंदूरला कामावर जायचं होतं. ती तुझ्या कपाटातले शर्ट घड्या करत होती. तिनं विचारलं, आणि हे ती मोठी झाल्यापासून विचारत आली होती, "आई, तू का राहिलीस? मी सात वर्षांची होईपर्यंत, का?"

मी तिला सांगितलं. तुला जे सांगायचं होतं ते तुझ्या मुलीला सांगितलं, दार, काच, पंजा, कडी, पोलीस, सगळं. शर्ट तिच्या मांडीवर तसाच राहिला.

"म्हणजे तू प्रायश्चित्त घेत होतीस," ती म्हणाली.

"असेल."

"बाबा तुला मारायचे तेव्हा तुला बरं वाटायचं?"

मी खोटं बोलू शकले असते. तेवढी सवय मला होती.

"पहिल्या वेळी, हो," मी म्हणाले.

ऋचानं हात गळ्याजवळच्या हाडावर ठेवला. ते थोडं वाकडं जुळलंय, तुला माहीत आहे. "आणि मी? मी कशासाठी होते त्या घरात?"

तिनं शर्ट माझ्या अंगावर फेकला. मग दुसरा, मग हॅंगरसकट तिसरा. हॅंगर गालावर लागला. ती थांबली, आपल्या हाताकडे बघत राहिली, आणि तुझ्यासारखीच चपला घालून बाहेर गेली. तासाभरानं परत आली, बॅग उचलली. फाटकाशी म्हणाली, "ते तुझ्यामुळे तसे झाले. आणि तू मला सांगायचीस, बाबांना समजून घे." मी म्हणाले, हो. ती बसनं गेली.

आठ दिवस फोन आला नाही. मी केला तर उचलला नाही. मी तुझ्या शाळेत जाऊन तुझं कपाट रिकामं केलं, खडू, तुटलेलं बेडकाचं प्लास्टिकचं मॉडेल, पन्नासेक वह्या. तिथल्या एका बाईंनी विचारलं, बरं आहे ना गालाला. मी म्हणाले, कपाटाचं दार लागलं. बघ, खोटी कारणं अजून कशी चटकन येतात.

नवव्या दिवशी दुपारी ऋचाचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"मला एक सांग. ते आधी कसे होते?"

"कधी आधी?"

"मार खायच्या आधी. ती दोन वर्षं. ती त्यांना आठवत नव्हती, आजीला कॉलेजचं काय माहीत असणार. तुलाच माहीत आहे फक्त."

मी उजव्या कानाला फोन धरून पलंगावर बसले. कुठून सुरुवात करू कळेना. मग तिला सांगायला लागले, की तुझे बाबा मारामारीला घाबरायचे. कॉलेजच्या फाटकाशी दोन गट जमलेले दिसले की सायकल वळवून लांबच्या रस्त्यानं यायचे आणि पहिला तास चुकवायचे. सरांची नक्कल करायचे. कँटीनच्या समोशातला बटाटा मला द्यायचे आणि पापुद्रा स्वतः खायचे. पहिल्या वर्षी माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत, गांडुळाच्या चित्राखाली त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, चित्र वाईट आहे, पर बनानेवाली अच्छी है. मी ते रबरानं खोडलं. त्यांनी पुढच्या पानावर लिहिलं. तेही खोडलं. महिनाभर ते लिहीत होते आणि मी खोडत होते, आणि एका दिवशी मी खोडलं नाही. मग आम्ही वर्षभर रोज कॉलेजातून एकत्र निघायचो, टॉवर चौकापर्यंत, सायकली हातात धरून, कारण चालवल्या तर रस्ता लवकर संपायचा. लग्नाचं तेव्हाच बोलून ठेवलं होतं. त्यांनीच आधी विचारलं होतं.

ऋचानं विचारलं,

"हे बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"त्यांना वाटायचं तू दया म्हणून शिकवायला आलीस. मला म्हणाले होते एकदा. तुझ्या आईनं माझ्यावर दया केली, म्हणाले."

"हं."

"सगळा कोर्स शिकवलास त्यांना. आणि हे नाही सांगितलंस?"

"नाही सांगितलं."

पलीकडे ती रडत होती, रागानं, दात आवळून, श्वास नाकातून सोडत. मी वाट बघत राहिले. तिनं फोन ठेवला नाही.